शेर्मांव : एका वाङ्मयप्रकाराचे परीक्षण

गोमंतकात ज्याची हयात गेली त्याला इगर्जीची घंटा परकी नाही. शेजारच्या वाड्यावर नाताळचा गोठा केव्हा मांडला जातो, तीन राजांचे फेस्त केव्हा येते, इंत्रूज संपताच करेझ्माचे चाळीस दिवस कसे सुरू होतात, हे आमच्या मंदिरसमाजातील आबालवृद्धांना ठाऊक असते. फेस्ताच्या दिवशी आपण त्यांच्या घरी जातो, चवथीला ते आपल्या घरी येतात. परंतु दर रविवारी त्या इगर्जीत पाद्री वेदीपाशी उभा राहून जे बोलतो, ज्याला कोकणीत शेर्मांव म्हणतात, त्याची घडण कशी असते, त्याचे नियम कोणते, त्यात थोर कोणते आणि सामान्य कोणते, याचा विचार आमच्याकडे फारसा झालेला नाही. कीर्तनाच्या पूर्वरंगावर आणि उत्तररंगावर तासन् तास वाद घालणारे आमचे रसिक या वाङ्मयप्रकाराकडे मात्र पाठ करून बसले आहेत.

याचे कारण उघड आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात हा उपदेश आमच्या पूर्वजांपर्यंत निमंत्रण म्हणून आला नाही, तो हुकूम म्हणून आला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, ते याच काळात. मागे राहिलेल्या हिंदूंनी ठरावीक दिवशी एकत्र जमून ख्रिस्ती धर्माचा उपदेश ऐकावा, अशी फर्मानेही याच काळात निघाली. ऐकणे हीच जेथे शिक्षा झाली, तेथे ऐकलेल्याचे रसग्रहण कोण करणार? ही स्मृती खरी आहे, आणि तिच्यावर साखर पसरण्याचा आमचा हेतू नाही.

पण याच स्मृतीतून एक प्रश्न निघतो, आणि तो वाङ्मयीन प्रश्न आहे. पवित्र शब्द ऐकवला तर जातो, मग तो रुजत का नाही? दोष शब्दाचा, ऐकणाऱ्याचा, की बोलणाऱ्याचा? पोर्तुगीज भाषेतील सर्वांत मोठ्या प्रवचनकाराने १६५५ साली लिस्बनच्या राजकीय प्रार्थनामंदिरात नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्याचे नाव पाद्री आंतोनियु व्हिएइरा. ज्या राजसत्तेच्या नावाने आमच्या पूर्वजांना उपदेश ऐकवला जात होता, त्याच राजसत्तेपुढे उभे राहून त्याने उपदेशकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. म्हणून या परीक्षणासाठी आम्ही प्रामुख्याने त्यालाच निवडले आहे.

व्हिएइराकडे वळण्यापूर्वी या प्रकाराची चौकट समजून घेतली पाहिजे. ख्रिस्ती प्रवचनकार आपला विषय स्वतः निवडत नाही, ही त्यातली पहिली आणि महत्त्वाची गोष्ट. चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळापासून ते सुरू होते. मग नाताळ, तीन राजांचे फेस्त, करेझ्म, पास्काचे फेस्त, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण, आणि उरलेल्या महिन्यांत साध्या रविवारांची मालिका. पास्काचा दिवस चंद्रावर अवलंबून असतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो पास्काचा, हे त्याचे स्थूल गणित. पंचांग पाहणाऱ्या आमच्या वाचकाला हे सूर्यचंद्राचे साटेलोटे नवलाचे वाटणार नाही. या चक्रातील प्रत्येक रविवारला शुभवर्तमानातील एक उतारा नेमून दिलेला आहे. मात्तेव, मार्क, लूक आणि योहान या चौघांच्या ग्रंथांतून तो घेतलेला असतो. त्या दिवशी तोच वाचायचा आणि त्यावरच बोलायचे.

१५७० साली प्रमाण झालेल्या रोमन मिस्सेच्या पोथीत हे चक्र एका वर्षाचे होते, म्हणजे दरवर्षी त्याच रविवारी तोच उतारा येई. १९६३ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने उपासनेच्या सुधारणेचा ठराव केला आणि त्यास अनुसरून १९६९ साली तीन वर्षांचे चक्र सिद्ध झाले. पहिल्या वर्षी मुख्यत्वे मात्तेव, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचे उतारे करेझ्मात, पास्काच्या काळात आणि मार्काच्या वर्षात मधूनमधून येतात. आमच्याकडे चातुर्मासातील पुराणवाचनाला असा क्रम होता, रामनवमी व गोकुळाष्टमी यांची कथा ठरलेली होती. पण वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला नेमलेला उतारा, आणि तो गावातल्या लहान इगर्जीपासून रोमपर्यंत एकच, हे बंधन आमच्या परंपरेत नाही. बंधन म्हटले की कला गुदमरते असे मानण्याची पद्धत आहे. आमचे मत उलट आहे. ज्याला हवा तो विषय घेता येतो तो आपल्या आवडीचेच बोलत राहतो. नेमून दिलेला उतारा वक्त्याला त्याच्या गैरसोयीच्या जागीही नेऊन उभा करतो. श्रीमंत यजमान पुढच्या बाकावर बसलेला असताना श्रीमंताने सुईच्या नेढ्याची गोष्ट ऐकण्याचा रविवार आला, तर ती टाळायची सोय राहत नाही. टाळायचीच असेल तर ती बोलता बोलता टाळावी लागते, आणि तसे टाळणे जाणत्या श्रोत्याला कळते.

आता व्हिएइराकडे येऊ. त्याचा जन्म १६०८ साली लिस्बनमध्ये झाला. तो लहानपणीच आईबापांबरोबर ब्राझीलमधील बाइया येथे गेला, १६२३ साली जेझुइट संघात शिरला आणि १६९७ साली बाइयातच वारला. मधल्या काळात तो राजा चौथा जुआंव याचा सल्लागार होता, परदेशी वकिलातींवर गेला, मारान्यांवच्या अरण्यात मूळ रहिवाशांमध्ये राहिला, आणि आपल्या भविष्यकथनपर लेखनापायी १६६५ ते १६६७ इन्क्विझिशनच्या कैदेतही पडला. जी संस्था १५६० पासून गोव्यात ठाण मांडून बसली होती, तिनेच आपल्या भाषेतील सर्वश्रेष्ठ वक्त्याला कोंडून ठेवले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्याची दोनशेच्या आसपास प्रवचने उपलब्ध आहेत. १६७९ साली स्वतःच त्यांचा पहिला खंड छापताना त्याने अग्रस्थानी ठेवले ते सेक्साजेझिमाचे प्रवचन.

सेक्साजेझिमा हा जुन्या पंचांगातील करेझ्मापूर्वीचा एक रविवार. इंत्रुजाच्या रविवारच्या आदला. त्या दिवशीचा उतारा लूकच्या आठव्या अध्यायातील पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा होता. कथा सर्वांना ठाऊक आहे. पेरणारा पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते, ते तुडवले जाते व पाखरे खातात. काही खडकावर पडून सुकते, काही काट्यांत घुसमटते, आणि काही चांगल्या भुईत पडून शंभरपट पीक देते. व्हिएइराने या साध्या कथेवर एक प्रवचन उभारले, आणि ते प्रवचन प्रवचनाविषयीच आहे. आमच्या माहितीत कोणत्याही धर्माच्या उपदेशकाने आपल्याच व्यवसायाची इतकी निष्ठुर चिकित्सा भर सभेत केलेली नाही.

तो प्रारंभ करतो ‘निघाला’ या एका क्रियापदापासून. बी पेरण्यासाठी पेरणारा घराबाहेर निघाला. मग जे निघतच नाहीत, राजवाड्याच्या सावलीत बसून पेरतात, त्यांचे काय? मारान्यांवच्या मोहिमेत त्याचे सहकारी पाण्यात बुडाले होते, मारले गेले होते, अरण्यात झिजले होते. त्या अनुभवाच्या बळावर तो दरबारी पाद्र्यांना सांगतो की सुगीच्या दिवशी तुमची पावले मोजली जातील. पोर्तुगीजमध्ये पाऊल आणि राजवाडा हे शब्द उच्चाराने अगदी जवळचे. या श्लेषाने त्याने साऱ्या दरबाराला डिवचले. आमच्या पंडित कवींना हा श्लेष आवडला असता, पण येथे तो शोभेसाठी आलेला नाही, हे महत्त्वाचे.

मग तो मुख्य प्रश्नाला हात घालतो. एवढे उपदेशक, एवढी प्रवचने, तरी फळ का नाही? माणसाला स्वतःचे रूप पाहायला तीन गोष्टी लागतात : डोळे, आरसा आणि उजेड. डोळे श्रोत्याचे, आरसा उपदेशकाचा, उजेड देवाचा. तर कमी काय पडते? देवाचा उजेड कमी पडत नाही. दृष्टांतातले बी वाटेमुळे, खडकामुळे आणि काट्यांमुळे नासले. ऊन वा पाऊस न मिळाल्यामुळे ते गेले असे कोठेही म्हटलेले नाही. मग श्रोता? येथे त्याचा युक्तिवाद विलक्षण आहे. काट्यांतही बी उगवले, खडकावरही उगवले. ते पुढे टिकले नाही ही गोष्ट वेगळी, पण वाईटातल्या वाईट भुईनेही अंकुर दिला. तेव्हा श्रोत्यालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. उरला तो उपदेशक.

उपदेशकाची झडतीही तो पाच अंगांनी घेतो : त्याचे आचरण, त्याची शैली, त्याचा विषय, त्याचे ज्ञान आणि त्याचा आवाज. आचरणाविषयी त्याचे म्हणणे असे की कानावाटे गेलेल्यापेक्षा डोळ्यांवाटे गेलेले खोल जाते, म्हणून लोक उपदेशकाला ऐकतात कमी आणि पाहतात अधिक. शैलीविषयी तो आकाशातील ताऱ्यांकडे बोट दाखवतो. तारे क्रमाने आहेत, पण बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले नाहीत. एकीकडे पांढरे तर दुसरीकडे काळे, एकीकडे दिवस तर दुसरीकडे रात्र, अशी शब्दांची जोडपी लावत बसणाऱ्यांना तो हसतो. विषयाविषयी तो शेतकऱ्याचीच साक्ष काढतो. ज्याने एका शेतात गहू पेरला, त्यावरच दुसरे धान्य आणि त्यावर तिसरे, त्याच्या हाती पीक येत नाही, रान येते. आणि मग त्याचा प्रसिद्ध वृक्ष येतो. प्रवचनाची मुळे शुभवर्तमानात असावीत, खोड एकच असावे, फांद्या अनेक पण त्या खोडातूनच निघालेल्या, पाने शब्दांची, फुले सुभाषितांची, दुर्गुणांना झोडपायला काठ्या, आणि शेवटी फळ. नुसतीच पाने असतील तर ते झाड न होता पानांची जुडी होते, नुसत्याच काठ्या असतील तर लाकडाची मोळी.

पण या पाचही कारणांना एकेक करून तो अपुरे ठरवतो. त्याचा अंतिम निर्णय असा : उपदेशक देवाचे शब्द बोलतात, पण ते देवाचे वचन नसते. सैतानानेही येशूला मोहात पाडताना शास्त्रातलेच शब्द वापरले होते. शब्द तोच, अर्थ वाकवलेला. शास्त्राचे शब्द आपल्या चातुर्याला टेकू म्हणून वापरले की ते शास्त्र राहत नाही. म्हणून खऱ्या प्रवचनाची कसोटी तो श्रोत्याच्या बाहेर पडतानाच्या मुद्रेवर ठेवतो. श्रोता वक्त्यावर खूश होऊन निघाला तर प्रवचन फुकट गेले, स्वतःवर नाखूश होऊन निघाला तर बी पडले.

या प्रवचनाची रचना आमच्या नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगाशी ताडून पाहावी. मूळपदाच्या जागी शास्त्रवचन, मग पदाच्या एकेका शब्दाचे निरूपण, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, दृष्टांत, आणि शेवटी पुन्हा मूळ वचनावर येणे. साम्य पुष्कळ आहे. फरक उत्तररंगाचा. कीर्तनकाराला आख्यान लावून श्रोत्यांना रसात न्हाऊ घालता येते. येथे आख्यानाला स्वतंत्र जागा नाही, तर्कच आख्यानासारखा चढत जातो. त्यामुळे गाण्याचा विसावा नाही, आणि ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर सतत भार पडतो.

येथेच व्हिएइराचा पहिला दोष सांगितला पाहिजे. बुद्धिबळाच्या पटासारख्या शैलीला हसणारा हा वक्ता स्वतः त्या पटावरचा निष्णात खेळाडू आहे. विरोधी जोड्या, श्लेष, एका शब्दाची सात अंगे दाखवण्याचा सोस, हे त्याच्या प्रत्येक पानावर आहे, या प्रवचनातही आहे. काही टीकाकार यालाच ढोंग म्हणतात. आम्हाला ते तसे वाटत नाही. अलंकार असू नयेत असे त्याचे म्हणणेच नव्हते. ते खोडातून फुटलेले असावेत, एवढाच त्याचा आग्रह होता. ‘निघाला’ या शब्दावरचा श्लेष काढून टाकला तर मुद्दाच पडतो, म्हणून तो अलंकार सार्थ. परंतु तो सर्वत्र एवढा संयम पाळतो असे म्हणता येत नाही. पुष्कळ ठिकाणी तर्काची कसरत पाहून श्रोता वाहवा म्हणत असेल, आणि त्याच्याच कसोटीने ती वाहवा म्हणजे हार.

त्याचे खरे मोठेपण आहे ते समोर बसलेल्याला बोलण्यात. १३ जून १६५४, संत आंतोनचे फेस्त, स्थळ मारान्यांवमधील साँव लुईश. समोर मूळ रहिवाशांना गुलाम करणारे वसाहतवाले. त्या दिवशीच्या शास्त्रवचनात येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो. मीठ असूनही भूमी नासते, तेव्हा एक तर मीठ खारवत नाही, नाही तर भूमी खारवू देत नाही. आणि माणसे ऐकत नसल्याने संत आंतोनने जसे माशांना प्रवचन केले तसे मीही करतो, म्हणून तो माशांकडे वळतो. माशांनो, तुम्ही एकमेकांना खाता, हे वाईट. त्याहून वाईट हे की मोठे लहानांना खातात. श्रोत्यांना हे मासे कोण ते सांगावे लागले नसणार. याच सुमारास तो गुपचूप जहाजावर चढून राजाकडे तक्रार घेऊन गेला. १६५५ साली मूळ रहिवाशांच्या गुलामगिरीला आळा घालणारा कायदा झाला, आणि १६६१ साली चिडलेल्या वसाहतवाल्यांनी त्याला व त्याच्या बांधवांना मारान्यांवमधून हाकलून दिले. प्रवचनाचे फळ काय, याचा हिशेब येथे दोन्ही बाजूंनी मांडलेला दिसतो.

आम्हा गोमंतकीयांना विशेष लागू असे प्रवचन तिसरेच. तेही १६५५ सालचे, लिस्बनचे, सत्ताधाऱ्यांपुढचे. उतारा क्रुसावरच्या भल्या चोराचा, ज्याला येशू त्याच दिवशी स्वर्गाचे वचन देतो. व्हिएइरा म्हणतो, राजांनी चोरांना आपल्याबरोबर स्वर्गात न्यावे, पण येथे तर चोरच राजांना आपल्याबरोबर नरकात नेतात. कारण भुकेने चोरणारा फासावर जातो, आणि प्रांतच्या प्रांत लुटणारे अधिकारी मानाने परततात. पुढे तो संत फ्रान्सिस झेवियरचे म्हणून एक निवेदन उद्धृत करतो. राजाला भारताची स्थिती कळवताना झेवियरने म्हटले होते की इकडे ‘लुबाडणे’ हे क्रियापद सर्व अर्थांत चालवले जाते. आणि मग व्याकरणाचा वर्ग उघडून व्हिएइरा ते क्रियापद खरोखरच चालवून दाखवतो. अधिकारी आज्ञार्थात लुटतात, विध्यर्थात लुटतात, भूत-वर्तमान-भविष्य सर्व काळांत लुटतात. आमच्या शाळांतून पोर्तुगीज साम्राज्याविषयी जे शिकवले गेले त्यात हे पान असते तर बरे झाले असते. त्या साम्राज्याचे परखड वर्णन साम्राज्याच्या व्यासपीठावरूनच झाले होते.

तरीही आमचे परीक्षण येथे थांबले तर ते भाबडे ठरेल. १६३३ साली, धर्मगुरूची दीक्षा मिळण्यापूर्वीच, तरुण व्हिएइराने बाइयातील एका साखरेच्या मळ्यावरच्या काळ्या गुलामांपुढे प्रवचन केले. प्रेषित योहानाच्या सणाचा तो दिवस. त्याने त्यांच्या यातनांची तुलना येशूच्या यातनांशी केली. चरकापाशी रात्रभर राबणारा गुलाम हा क्रुसावरच्या देवासारखा आहे, असे त्याने सांगितले. वर्णन हृदयाला पीळ पाडणारे आहे. पण निष्कर्ष काय? सहन करा. मूळ रहिवाशांसाठी राजाशी भांडणारा हा वक्ता आफ्रिकेतून आणलेल्या माणसाला मात्र संयम शिकवतो. साखळी तोडा असे तो मालकाला म्हणत नाही. त्याचीच कसोटी त्याला लावली तर येथे शास्त्राचे शब्द आहेत, वचन मात्र वाकले आहे. मोठ्या माशांविषयीची त्याची जाण समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचली नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. व्हिएइराच्या जन्मानंतर आठच वर्षांनी, १६१६ साली, रायतूरला एक ग्रंथ छापला गेला. मूळचा इंग्रज, १५७९ साली गोव्यात आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याचे ख्रिस्तपुराण. सुमारे अकरा हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा संतांच्या वळणाची मराठी, मधून कोकणीची छटा. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. आमच्या वाचकांना त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत, पण तेवढ्यावरच बहुतेकांची ओळख संपते. हा ग्रंथ इगर्जीत रविवारी व सणांच्या दिवशी लोकांना वाचून दाखवला जाई. म्हणजे शुभवर्तमानाच्या निरूपणाचाच तो एक गोमंतकीय अवतार होता. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दाना यांनी त्याची आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

स्टीफन्सने जे ओळखले ते व्हिएइराला ओळखण्याची गरज पडली नव्हती : परक्या भाषेतला शब्द कानावर पडतो, मनात शिरत नाही. ज्या लोकांची पुराणे हिरावून घेतली गेली त्यांना पुराणाची भूक उरली होती, आणि ती ओवीनेच भागणार होती. म्हणून त्याचा स्वर्ग वैकुंठ होतो, उद्धार मुगुती होते, श्रोता प्रश्न विचारतो आणि वक्ता उत्तर देतो. ही कमाई मोठी आहे. परंतु व्हिएइरात जे आहे ते स्टीफन्समध्ये नाही. त्याचा श्रोता शंका विचारतो, पण ‘आमची जुनी पोथी कोणी व का हिरावली’ याचा जाब विचारू शकत नाही. वक्ता मधुर आहे, मात्र ज्या सत्तेच्या आश्रयाने तो बोलतो तिला उद्देशून एक शब्दही नाही. एकाजवळ श्रोत्याची भाषा होती, दुसऱ्याजवळ सत्ताधीशाला टोचणारा काटा होता. दोन्ही एका ठायी आले असते तर गोमंतकाचे धार्मिक वाङ्मय निराळे झाले असते. झाले उलटेच. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. स्टीफन्सने तयार केलेली भुई तुडवली गेली. मिस्सेचा विधी खेड्यापाड्यांतल्या माणसाला कोकणीतून ऐकायला मिळाला तो धर्मपरिषदेनंतरच्या सुधारणेने, जवळजवळ तीन शतकांनी.

आज पेरणाऱ्याचा दृष्टांत सेक्साजेझिमाला वाचला जात नाही. तो रविवारच नव्या पंचांगातून गेला. मात्तेवच्या वर्षात तो जुलैच्या मध्यास येतो. गोव्यात त्या वेळी सरद शेतीची लावणी चाललेली असते, इगर्जीत येणाऱ्याच्या पायाला चिखल असतो. तरव्यात रोप काढून ओळीने लावणारा आमचा कुणबी विचारील की, शहाणा शेतकरी बी वाटेवर आणि खडकावर टाकतोच कसा? या प्रश्नापासून जो पाद्री निरूपणास प्रारंभ करील त्याला पुढचे शब्द शोधावे लागणार नाहीत. हा पेरणारा मुद्दामच हात आखडत नाही, भुईची जात न पाहता तो पेरतो, हेच तर सांगायचे आहे. नेमून दिलेला उतारा आणि समोरचे शेत यांची गाठ पडली की प्रवचन आपोआप उभे राहते. ती गाठ न घालता छापील पुस्तकातून निरूपण वाचून दाखवणारे तेथेही आहेतच.

पण आम्ही हे सारे लिहिले ते शेजाऱ्याच्या घरातील दोष मोजण्यासाठी नव्हे. व्हिएइराने पुढे केलेला आरसा आमच्या सभामंडपातही टांगण्यासारखा आहे. आमच्या देवस्थानांच्या जत्रांतून आणि सप्ताहांतून कीर्तने होतात. पूर्वरंग आखडत चालला आहे, विनोद आणि गाणे वाढत चालले आहे, मूळपद एकदा म्हटले की बुवांना पुन्हा आठवत नाही. एका शेतात चार धान्ये पेरल्यासारखी राजकारणापासून आरोग्यापर्यंत सर्व काही एका कीर्तनात येते. श्रोते ‘बुवा छान बोलले’ म्हणत घरी जातात. स्वतःवर नाखूश होऊन गेलेला श्रोता आम्हाला क्वचितच दिसला.

याहून अवघड गोष्ट पुढची. व्हिएइरा राजाच्या प्रार्थनामंदिरात राजाच्या माणसांना बोलला. आमचे कीर्तनकार कोणाला बोलतात? ते सुनेला बोलतात, आजच्या तरुणांना बोलतात, दूरच्या पाश्चात्त्यांना बोलतात. मंडपात पहिल्या रांगेत बसलेल्या महाजनांना बोललेले आम्ही ऐकलेले नाही. महाजनकी वंशाने चालते. देवस्थानाची सेवा पिढ्यान् पिढ्या करणारे वाजंत्री, भावीण-देवळी, शेतात राबणारे कूळ, यांना त्या यादीत जागा नाही. संतांच्या अभंगावर तासभर निरूपण करून हा विषय जो टाळतो, त्याच्या मुखी संतांचे शब्द असतात, वचन नसते. अर्थात दोष एकट्या बुवांचा नाही. बिदागी देणाऱ्याला काट्यासारखे टोचणारे बोल ऐकायचे नसतील, तर बुवा तरी काय करणार? व्हिएइराने श्रोत्यांना जेवढे सोडून दिले तेवढे आम्ही सोडणार नाही.

म्हणून आमचे देवस्थानांना दोन गोष्टींविषयी सांगणे आहे. वर्षभराच्या उत्सवांना व एकादशींना मूळपदे आधीच नेमून द्यावीत, म्हणजे सोयीचा विषय निवडण्याची पळवाट बुजेल. आणि जो कीर्तनकार समोरच्यांना बोलेल त्याला पुढच्या वर्षीही निमंत्रण द्यावे. पहिली गोष्ट एका बैठकीत करता येईल. दुसरीला किती वर्षे लागतील हे महाजनांवर अवलंबून आहे. ज्यांच्या पूर्वजांना एकेकाळी जबरदस्तीने उपदेश ऐकावा लागला, त्यांच्या वंशजांनी स्वखुशीने कठोर शब्द ऐकण्याची सवय लावून घेतली, तर त्या जुन्या अपमानाचे याहून चांगले उत्तर आम्हाला सुचत नाही.